चंद्रभागाबाईंचा डोह

पाण्याकडे कसे पाहावे, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी चंद्रभागा भोये नावाच्या बाईंनी शिकवले. तोपर्यंत पाणी म्हणजे माझ्या लेखी एक खूण होती. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे मी अभियांत्रिकी आलेखन शिकवले. टाक्या, हौद, जलकुंभ यांचे छेद विद्यार्थ्यांकडून काढून घेतले आणि पाण्याची पातळी दाखवणारा उलटा त्रिकोण जागच्या जागी नसेल, तर तेवढे गुण कापले. त्या त्रिकोणाखाली कोणाला राहायचे असते, हा विचार एकतीस वर्षांत माझ्या मनाला शिवला नाही.

नाशिकला द्वारका चौकाजवळ ललित खैरनार याचे दुकान आहे. पुढच्या भागात मासे आणि माशांच्या टाक्या विकायला मांडलेल्या, मागच्या भागात काचा कापण्याचे आणि टाक्या जोडण्याचे काम. ललित हा माझा जुना विद्यार्थी. हुशार, बोलघेवडा, आणि रेषा ओढून झाल्यावर पट्टी जागेवर न ठेवणारा. चंद्रभागाबाई त्याच्याकडे वीस वर्षांपूर्वी झाडलोट करायला आल्या. त्या मूळच्या पेठच्या पुढच्या एका डोंगरपाड्यावरच्या. भात आणि नागली घरात आली की त्यांचे कुटुंब दरवर्षी द्राक्षबागांच्या कामाला नाशिककडे उतरे. एके वर्षी त्यांचे यजमान बुधा मखमलाबादच्या एका बागेत राखणीला कायमचे राहिले आणि बाईंनी शहरात काम धरले.

त्या कारागीर कशा झाल्या, ती हकिगत ललित स्वतः रंगवून सांगतो. एके दिवशी टाक्या जोडणारा माणूस काम अर्धे टाकून जेवायला गेला. परत येऊन पाहतो, तर उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत सिलिकॉन भरलेले, आणि ते असे की रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधून सापडू नये.

"हे कुणी केलं?" ललितने विचारले.

"मी," हातातला झाडू खाली न ठेवता बाई म्हणाल्या. "कोपरा उघडा दिसला."

"मावशी, सिलिकॉन आहे हे. शेण नाही."

"बोट तर तेच हाय ना, शेठ?"

भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो कोपरा सारवताना बोट मध्ये उचलायचे नसते. उचलले तर तिथे भेग पडते आणि भेगेतून मुंगी येते. पाड्यावर मुलींना हे सातव्या-आठव्या वर्षी येते. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून बाईंनी तीच एक ओढ काचेच्या कोपऱ्यात दिली होती. त्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला. वीस वर्षांत बाईंच्या हातची एकही टाकी गळली नाही, असे ललित सांगतो, आणि मी त्याच्या दुकानात पाहिलेल्या कोपऱ्यांवरून ते मला खरे वाटते.

पण टाकी न गळणे आणि तिच्यात मासा जगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेट्या दुकानातून जात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गिऱ्हाईक प्लास्टिकच्या पिशवीत मेलेला मासा घेऊन पायरी चढे. ललित हळहळे आणि नवा मासा देई.

"फुलांसारखे असतात मासे, मावशी," तो समजूत घाली. "कोमेजले की नवे आणायचे."

"फुलाला पाणी नाय मिळालं तर कोमेजतं, शेठ. हा तर पाण्यातच हाय, तरी कोमेजतो. मग चूक कुणाची?"

चूक कुणाची, हे शोधण्यासाठी बाई दुपारच्या सुटीत टाक्यांसमोर डबा उघडून बसू लागल्या. चारी बाजूंनी काच, वर पांढरा दिवा, तळाला निळे खडे. त्या पाहत राहिल्या आणि एक दिवस त्यांना कळले. मला नंतर त्यांनी ते एका वाक्यात सांगितले. "माशाला पाठ टेकायला भिंत नाय, सर."

ज्या दिवशी त्यांनी ललितला सांगितले की मला निराळी टाकी करायची आहे, त्या दिवशी तो हसला. पण बाई हलल्या नाहीत, तेव्हा म्हणाला, "कागदावर आणा. मापं घालून आणा. सरांकडे जा, ते तुमच्या चुका लाल शाईने काढून देतील."

त्याने ते थट्टेने म्हटले होते. बाई दुसऱ्या दिवशी इंदिरानगरला आमच्या दारात उभ्या राहिल्या.

माझ्या पत्नीने, विमलने, चहा केला. मी आलेखनफलकावर कागद ताणून बसवला, शिसपेन्सिलीला टोक केले आणि लांबी विचारली. बाईंनी दोन्ही हात पसरून हवेत एक आकार धरला आणि तो आकार मोडू नये म्हणून की काय, तसेच हात धरून बोलू लागल्या.

त्यांच्या पाड्याखालून एक ओहोळ वाहतो. वैशाखात त्याची धार तुटते आणि नुसती डबकी उरतात. ओहोळाच्या वळणावर, उंबराखाली, एक मोठा डोह आहे. तो आटत नाही. त्या डोहात कोणी जाळे टाकत नाही, गळ टाकत नाही, तो देवाचा. डबकी आटू लागली की पाड्यावरच्या बायका-पोरी त्यातले मासे मातीच्या मडक्यात धरतात, मडक्याच्या तोंडावर पळसाचे पान ठेवतात आणि डोहाकडे नेतात.

"आणि ओततात," मी म्हणालो.

"ओतायचं नाय!" बाईंचे हात पहिल्यांदा खाली आले. "ओतलेला मासा तीन दिवस भ्यालेला राहतो. मडकं पाण्यात आडवं करायचं, पान काढायचं आणि आपण पाठ फिरवून बसायचं."

"पाठ का फिरवायची?" विमलने विचारले.

"आपण बघतो तंवर तो निघत नाय ना, बाई. त्याला वाटलं पाहिजे, मीच निघालो."

चहा निवत होता. खिडकीतून येणारे ऊन फलकाच्या कडेवर टेकले होते, आणि माझ्या खोलीत, कंपास आणि कोनमापक यांच्या मध्ये, पाठ फिरवून बसलेल्या बायकांची एक रांग मला क्षणभर अगदी स्पष्ट दिसली.

मी काढलेला पहिला आराखडा बाईंनी नाकारला. तो मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना समान होता.

"हे सगळं सारखंच झालं, सर. माशाला कळायचं कसं, कुठं लपायचं नि कुठं खेळायचं?"

मी खोडरबर घेतले. चार बैठकींनंतर जे कागदावर उतरले, ते असे. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि फक्त एक फूट उंच. म्हणजे पेटी नव्हे, पसरट पाणी. मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून काळ्या रंगाने रंगवलेली. डावीकडच्या एक तृतीयांश भागावर वरून काळी फळी, उंबराच्या जागी. तिच्याखाली तळ खोल, आणि तिथून उजवीकडे खडे चढत चढत उथळ होत गेलेले. अंधाऱ्या कोपऱ्यात हवेच्या पंपावर चालणारा स्पंज, ज्यातून पाणी गाळले जाते आणि संथ फिरते. शेजारी आडवे मडके. दिवा फक्त उजव्या टोकाला. आणि टाकी ठेवायची ती गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाहणाऱ्याने बसून पाहावी म्हणून.

"उभं राहून माशाकडे बगळा बघतो," बाई म्हणाल्या.

कागदाच्या खालच्या उजव्या चौकटीत, शिस्तीप्रमाणे, मी रचनाकाराचे पूर्ण नाव, गाव, पाडा, तालुका असा पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहिला. बाईंनी त्या चौकटीवरून सावकाश बोट फिरवले. मध्ये न उचलता.

ललितने कागद पाहिला. "तीन बाजू काळ्या? गिऱ्हाईक म्हणेल, पैसे देऊन अंधार विकत आणला."

"अंधार माशाला, शेठ. उजेड गिऱ्हाइकाला."

तो बराच वेळ डोके खाजवत राहिला. मग त्याने अट घातली. एका टाकीची काच तो देईल. ती टाकी अशा घरात ठेवायची, जिथे पूर्वी कोणी मासे पाळलेले नाहीत. दसऱ्याला नऊ मासे सोडायचे आणि संक्रांतीला तो मोजायला येईल. नऊच्या नऊ जिवंत असले, तर मागच्या शेडमध्ये यापुढे याच टाक्या होतील. नसले, तर दोन बाय एकच्या पेट्या, आणि पुन्हा हा विषय नाही.

"नसले तर मी गावाला परत जाते," बाई शांतपणे म्हणाल्या. "मेलेल्या माशांच्या पेट्या आता माझ्याच्यानं नाय करवत."

ललितचा चेहरा उतरला, कारण बाई थट्टा करत नव्हत्या. घराचा प्रश्न विमलने सोडवला. "आमच्याकडे आणा. यांना दिवसभर काहीतरी मोजायला लागतंच."

दसऱ्याला टाकी आली. आपट्याची पाने वाटून झाल्यावर बाईंनी मडके आणले. आत दुकानातले चेरी बार्ब जातीचे नऊ मासे होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, नर लालसर, माद्या मातकट, सगळ्यांच्या कुशीवर एक काळी रेघ. मडके पाण्यात आडवे झाले. पान निघाले. आणि आम्ही तिघे आमच्याच बैठकीच्या खोलीत, आमच्याच टाकीकडे पाठ करून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसलो. विमलला हसू येत होते. मग तेही थांबले. पाठीमागे कोणीतरी घरात राहायला येत आहे आणि आपण त्याला संकोच वाटू नये म्हणून दुसरीकडे पाहत आहोत, असा तो अर्धा तास होता.

त्यानंतरच्या दिवसांचे वर्णन मला नीट क्रमाने करता येत नाही, आणि याचे मला आश्चर्य वाटते. नोंदवहीत मी रोज तापमान आणि सकाळी दिसलेल्या माशांची संख्या लिहीत होतो, तेवढाच क्रम. बाकी सर्व दुपारी एकमेकींत विरघळून गेल्या आहेत. मी लाकडी चौरंगावर बसे. प्रथम काहीच दिसत नसे; फक्त खोल बाजूचा अंधार आणि त्यातून सावकाश वर चढत येणारे खडे. मग अंधाराचाच एक तुकडा लाल होई. तो पुढे येई, थबके, पुन्हा मागे मुरे. मग दुसरा. उजेडाच्या कडेशी येऊन ते असे उभे राहत, जसे कोणी उंबरठ्यावर उभे राहून बाहेर ऊन किती आहे ते पाहावे. केव्हा केव्हा माझा डोळा लागे. डोळा उघडे तेव्हा नऊही मासे उथळ बाजूला आलेले असत आणि मी जागा झालो हे त्यांना माझ्या आधी कळे. माझ्या स्वप्नात पाणी येऊ लागले होते. मी ज्या टाक्यांचे छेद वर्षानुवर्षे काढले, त्या भरून वाहत होत्या आणि प्रत्येकीच्या काळ्या कोपऱ्यातून कोणीतरी बाहेर पाहत होते.

बाई दर रविवारी येत, बसत, काही न करता जात. पाणी बदलायचे तर थोडेच, आणि ते एक दिवस बादलीत ठेवलेले शिळे पाणी असावे, एवढे त्यांनी सांगितले होते. स्पंजाविषयी त्या बोलल्या नव्हत्या. तो कोणी धुईल, हे त्यांच्या मनात आलेच नसावे.

दिवाळी आली. बाई पाड्यावर गेल्या. आमच्या घरात दिवाळीपूर्वी एकही वस्तू धुतल्याशिवाय राहत नाही. पितळेच्या समयीपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत. वसुबारसेच्या दिवशी माझी दृष्टी टाकीवर गेली. खड्यांवर तपकिरी थर होता, मडके बुळबुळीत झाले होते, स्पंज काळा पडला होता. घरात सर्वत्र लख्ख असताना पाहुण्यांनाच मळात ठेवणे मला रुचले नाही. मासे मी बादलीत काढले. पाणी शिळेच घेतले. तो नियम पाळला. पण खडे गरम पाण्याने धुतले, मडके घासले आणि नळाखाली धरून स्पंज पिळत राहिलो, पांढरा होईपर्यंत. टाकी नव्यासारखी दिसू लागली. मी नोंदवहीत लिहिले, 'संपूर्ण स्वच्छता केली.'

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाण्यात दूध सांडल्यासारखे झाले. मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. पाडव्याच्या पहाटे दोन माद्या उथळ खड्यांवर आडव्या पडलेल्या होत्या.

बाईंचा फोन लागत नव्हता. पाड्यावर रेंज येत नाही. ललितला विचारणे सोपे होते, आणि तेवढेच एक मला करता येत नव्हते. मी आराखड्याची प्रत कपाटातून बाहेर काढली, खालच्या चौकटीतला पत्ता चिठ्ठीवर उतरवला आणि चपला घातल्या. पाडवा असल्यामुळे विमलने ओवाळणीचे तबक भरून ठेवले होते.

"ते राहू दे," ती म्हणाली. "आधी जा. मी शिळं पाणी थोडं थोडं बदलत बसते."

सीबीएस बसस्थानकावरून पेठची गाडी मिळाली. सावळघाटात धुके होते. गाडी वळणे घेत होती आणि काचेपलीकडे झाडे एकेक करून पांढऱ्यातून बाहेर येत, थबकत, पुन्हा आत मुरत. त्या खिडकीशी मी कितीतरी वेळ अगदी माशांसारखा बसलो होतो. पेठहून जीप, जीपमधून उतरल्यावर पायवाट. बाई मला अंगणातच दिसल्या. भिंतीचा कोपरा सारवत होत्या. मला पाहून त्यांचे बोट मध्येच थांबले.

"किती?" त्यांनी विचारले.

"दोन. बाकीचे श्वासासाठी वर आले आहेत."

"स्पंज धुतला का, सर?"

"हो. पांढरा होईपर्यंत."

मला वाटले, त्या रागावतील. त्यांनी हात धुतला आणि ओटीवर बसल्या. "चूक माझी. शहरातली दिवाळी मी इसरले." मग म्हणाल्या, "तो मळ नव्हता. त्या मळाच्या जिवावरच पाणी जगतं. तुम्ही पाण्याचं पोटच धुतलंत."

दुकानात जुने, मुरलेले स्पंज होते. पण दुकान बंद आणि किल्ली ललितकडे. बाई उठल्या आणि घरातून एक मडके घेऊन निघाल्या. मी त्यांच्यामागे.

डोह मी जसा ऐकला होता तसा नव्हता. अधिक लहान होता आणि अधिक खोल. उंबराची सावली पाण्यावर नव्हती, पाण्यात होती, पार तळापर्यंत. कडेच्या खडकावर अक्काबाई नावाची एक फार वृद्ध बाई बसलेली होती. डोहाची राखण तिच्या घराकडे असते. चंद्रभागाबाईंच्या हातातले मडके पाहून तिने मान वर केली.

"मासा नको नेऊ, चंद्रे."

"मासा नाय, आक्का. गाळ."

"गाळ?" म्हातारीने माझ्याकडे पाहिले. "ह्या धोतरवाल्याला गाळ पायजे?"

"यांनी सगळा धुऊन टाकला."

म्हातारी आधी आवाज न करता हसली, आणि मग आवाज करून. "ने ने. मासे नेणारे लय आले. गाळ मागायला पैलाच आला."

बाईंनी पाण्यात उतरून शेवाळलेले सात-आठ गोटे उचलले, तळाची कुजलेली पाने आणि मूठ-मूठ काळी माती मडक्यात घेतली, वर डोहाचे पाणी घातले, आणि एकही मासा चुकून आला नाही ना हे दोनदा पाहिले. मडक्यावर पळसाचे पान ठेवले.

परतीच्या गाडीत ते मडके माझ्या मांडीवर होते. धोतरावर काळे थेंब पडत होते आणि मी ते पुसत नव्हतो. घाट उतरल्यावर मी म्हणालो, "चंद्रभागाबाई, ललितला कळण्याचं कारण नाही. याच जातीचे मासे शहरात दुसऱ्या दुकानांतही मिळतात. मी दोन आणून सोडतो. दोष माझा आहे. त्याची शिक्षा तुम्हाला का?"

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "सर, तुम्ही लाल शाईवाले ना?"

मी मडक्यावरचे पान नीट केले.

दिवेलागणीला आम्ही घरी पोहोचलो तेव्हा विमल चौरंगावर तांब्या घेऊन बसलेली होती. सात होते. बाईंनी गोटे अंधाऱ्या बाजूला लावले, गाळ जुन्या कापडात सैल बांधून स्पंजाच्या शेजारी ठेवला, आणि टाकीवर ओढणी घातली. मग विमलने दोघांनाही ओवाळले.

आठवडाभर पाणी गढूळ राहिले. बाराव्या दिवशी मी ओढणी उचलली आणि आत पाहताना मला उंबर दिसला. तिथे अर्थातच उंबर नव्हता; फळीची सावली होती. पण ती आता पाण्यावर नव्हती.

संक्रांतीला दुपारी तीनच्या सुमारास ललित तिळगूळ घेऊन आला. बाई आधीच येऊन बसल्या होत्या, नवे लुगडे नेसून. त्याने मोबाईलचा दिवा लावला आणि टाकीत वाकला.

"एकही दिसत नाही! मावशी, मासे आहेत की नुसतंच पाणी?"

"दिवा बंद करा, शेठ. नऊ होते. सात हायेत."

ललित सरळ उभा राहिला. मी नोंदवही उघडून वसुबारसेचे पान त्याच्यापुढे धरले. 'संपूर्ण स्वच्छता केली' या ओळीखाली, नंतर, लाल शाईने मी लिहिले होते: 'ही चूक माझी. टाकीची नव्हे.'

त्याने ते दोनदा वाचले. "सर, अट ती अट. उत्तर बरोबर पण एकक चुकलं, तरी तुम्ही शून्य द्यायचात."

"द्यायचो," मी म्हणालो.

बाईंनी मान खाली घातली नाही. त्या उठल्या, चौरंग उचलला आणि टाकीकडे पाठ येईल असा ठेवला. "चहा होईस्तोवर बसा, शेठ. सणाचं उभ्यानं जाऊ नये."

ललित बसला. तो एका जागी बसलेला मी वर्गातही पाहिला नव्हता. त्याने मोबाईल काढला, पाहिला, पुन्हा ठेवला. विमलने स्वयंपाकघरात चहा सावकाश केला; इतका सावकाश, की मला तिचा हेतू कळला. पश्चिमेचे ऊन खिडकीतून येऊन दिनदर्शिकेवर चढले. ललितचे खांदे हळूहळू खाली आले, आणि एका क्षणी, कोणी न सांगता, त्याने मान वळवली.

ते बाहेर आले होते. लाल नर उजेडाच्या कडेवर उभे, माद्या शेवाळलेल्या गोट्यांना तोंड लावत, आणि त्यांच्यामागे ती खोल, काळी, शांत जागा, जिथून ते आपणहून निघाले होते. एक नर काचेपर्यंत आला आणि ललितसमोर स्थिर झाला. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. विमलने ठेवलेल्या चहावर साय धरली.

"आमच्या मामाच्या मळ्यात विहीर होती," ललित पुष्कळ वेळाने म्हणाला. आवाज खाली आणून, जणू मासे ऐकतील. "खालच्या पायरीवर बसलं की असं दिसायचं." आणि थोड्या वेळाने, "मावशी, एका टाकीला काच किती लागते?"

"साडेतेरा फूट. आठ एमएम."

"तेवढ्यात दोन बाय एकच्या जवळजवळ दोन होतात."

"होतात."

मासा अजून तिथेच होता. "पास-नापास टाकीचं ठरवायचं होतं," ललित म्हणाला. "इथे टाकी नापास कुठे झाली? सर नापास झाले." मग त्याने बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला. "सोमवारी काच येईल. पण प्रत्येक टाकीबरोबर कागद द्यायचा, स्पंज धुवू नका म्हणून. मोठ्या अक्षरात."

त्याने मासे मोजले नाहीत. मोजायला आलो होतो, हे तो विसरला असावा.

शेडमध्ये लावण्यासाठी मी आराखडा नव्याने काढला. शनिवारी बाई तो पाहायला आल्या. चौकटीतले आपले नाव त्यांनी आधी शोधले, मग छेदाच्या आकृतीवर, पाण्याच्या रेषेवरच्या त्रिकोणावर बोट ठेवले.

"हे काय, सर?"

"पाण्याची पातळी."

"मग खाली मासे कुठं हायेत?"

"आलेखनात मासे काढत नाहीत."

त्यांनी बोट तिथून उचलले नाही. मी शिसपेन्सिलीला पुन्हा टोक केले आणि त्रिकोणाखाली, डाव्या अंधाराच्या कडेशी, मासे काढले. सात काढले.